कर्करोगावरील उपचार, हृदयाचे रक्षण आणि अर्जुनाची साल

पेडणे व डिचोली तालुक्यांतील पुष्कळ घरांत झाडपाल्याच्या औषधांवर आजही श्रद्धा आहे. घरातील कोणास कर्करोग झाला आणि रसायनोपचार, म्हणजेच केमोथेरपी, सुरू झाली, की हृदयाला बळ यावे म्हणून अर्जुनाचा काढा देण्याचा सल्ला आप्तेष्टांकडून मिळू शकतो. सल्ल्यामागील हेतू चांगला असला, तरी त्यासंबंधीची शास्त्रीय माहिती प्रत्येकाने करून घेणे अगत्याचे आहे.

स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगावर डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे इंजेक्शन दिले जाते. ते दिल्यावर एकदोन दिवस लघवी लालसर होते. त्यात भिण्याचे कारण नाही. परंतु हे औषध हृदयाच्या स्नायूंनाही इजा करू शकते. स्नायूंच्या पेशींत घातक कण निर्माण होतात आणि नष्ट झालेल्या पेशींची जागा नव्या पेशी सहसा भरून काढीत नाहीत. एकूण मात्रा वाढेल तसा धोका वाढतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅम औषध दिल्यास शंभरांपैकी सुमारे ५, तर ५५० मिलिग्रॅम दिल्यास सुमारे २६ रुग्णांचे हृदय दुर्बळ होते. म्हणूनच डॉक्टर एकूण मात्रेचा हिशेब ठेवतात.

अर्जुनाची साल दुधात उकळून केलेला क्षीरपाक आयुर्वेदात हृदयविकारावर सांगितला आहे. भारतीय संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, या सालीचा अर्क दिलेल्या उंदरांच्या हृदयाला डॉक्सोरुबिसिनपासून कमी इजा झाल्याचे दिसले. हा निष्कर्ष आशादायक आहे. तथापि उंदरांवरील प्रयोगावरून माणसासाठी मात्रा ठरत नाही. त्यासाठी रुग्णांवरील मोठ्या चाचण्या व्हाव्या लागतात.

अंगणातील सदाफुलीचे उदाहरण घ्यावे. तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध १९६३ पासून कर्करोगावर वापरात आहे. मात्र पानांतील द्रव्य वेगळे काढून त्याची मात्रा निश्चित केल्यानंतरच ते औषध ठरले. सदाफुलीची पाने खाणे हा उपचार नव्हे. ते विषारी ठरू शकते.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. रानात आढळणारे ऐन व किंदळ हे अर्जुनाच्याच कुळातील वृक्ष होत. ऐनाची साल मगरीच्या पाठीप्रमाणे भेगाळलेली, तर अर्जुनाची गुळगुळीत व फिकट असते. अंदाजाने काढलेली साल भलत्याच झाडाची असू शकते. शिवाय काही वनस्पती यकृतातील क्रियेत फरक पाडून मूळ औषधाचा परिणाम कमीअधिक करू शकतात.

तेव्हा उपचारापूर्वी व उपचारादरम्यान डॉक्टर सांगतील तेव्हा हृदयाची इको तपासणी करून घ्यावी. धाप लागणे, पायांना सूज येणे, छातीत धडधडणे ही लक्षणे उपचार संपल्यावर काही वर्षांनी दिसली, तरी ती डॉक्टरांना कळवावीत. कोणताही काढा घेत असल्यास तो लपवू नये. आयुर्वेदाचा सल्ला हवा असल्यास पेडणे तालुक्यातील धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय सुरू झाले आहे. तेथील वैद्यांनाही चालू उपचारांचे सर्व कागद दाखवावेत. काढ्याच्या भरवशावर इंजेक्शने थांबविणे म्हणजे बरा होऊ शकणारा रोग बळावू देणे होय. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही गोष्ट गावोगावी समजावून सांगावी.