मैत्रीची गोष्ट कोण सांगतो?

लेखमाला : कथेतला शेजार (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’तल्या विष्णुपंत कुलकर्ण्यांविषयी बोललो. विष्णुपंत महार-मांगांच्या बाजूनं उभे राहतात, म्हणून वाचकाला ते आवडतात. पण एक प्रश्न तेव्हा राहून गेला. एकाच्या हातात गावाचं दप्तर आहे आणि दुसऱ्याच्या नशिबी रोजची हजेरी. अशा दोघांतलं सख्य दोघांनाही सारखंच दिसत असेल का? आज तोच प्रश्न घेऊ. त्यासाठी आधी काबूलला जाऊन मग आपल्या जालन्यात परत येऊ.

काबूलमधल्या एका श्रीमंत घरात आमीर हा पश्तून मुलगा राहतो. त्याच घराच्या आवारातल्या मातीच्या खोपटात हसन हा हजारा मुलगा राहतो. हसनचा बाप अली या घरचा नोकर. दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढलेले, एकाच डाळिंबाच्या झाडावर चढणारे. मात्र आमीर शाळेत जातो आणि हसन मागे राहून त्याचे कपडे इस्त्री करतो. खालिद हुसैनी यांची ‘द काइट रनर’ ही २००३ सालची कादंबरी इथून सुरू होते. १९७५च्या हिवाळ्यात पतंगांच्या स्पर्धेच्या दिवशी हसनवर अत्याचार होतो. आमीर ते आडोशाहून पाहतो आणि पळून जातो. पुढे हसनचं तोंड बघणंही त्याला सोसवेना, तेव्हा तो स्वतःचं घड्याळ नि पैसे हसनच्या गादीखाली ठेवतो आणि चोरीचा आळ आणतो. बाप-लेक घर सोडून जातात.

यामागचा इतिहास मोठा आहे. पश्तून बहुतांशी सुन्नी, हजारा बहुतांशी शिया. १८९०च्या दशकात अमीर अब्दुर रहमान खानानं हजारांचं बंड चिरडलं. त्यांच्या जमिनी गेल्या, बायकापोरं गुलाम म्हणून विकली गेली. १९९८च्या ऑगस्टमध्ये मझार-ए-शरीफ शहरात तालिबाननं हजारांना घराघरांतून शोधून मारलं. शोधणं सोपं होतं, कारण हजारा माणसाची चेहरेपट्टीच त्याची ओळख सांगते. २००७ साली या कादंबरीवर चित्रपट आला, तेव्हा त्यात काम केलेल्या काबूलच्या मुलांच्या जिवाला धोका नको म्हणून त्यांना आधी संयुक्त अरब अमिरातीत हलवावं लागलं आणि प्रदर्शन पुढे ढकललं गेलं. अफगाणिस्तानात चित्रपटावर बंदी आली.

आता जालन्याकडे येऊ. मराठवाड्यात आवारातलं खोपट शोधायला लांब जावं लागत नाही. मळ्यातल्या कोठ्याशेजारी सालगड्याचं बिऱ्हाड असतं. साल पाडव्याला ठरतं आणि उचल घेतलेली असली की वर्षभर मालकाचं घर हेच जग. मालकाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा त्याच बैलांमागे फिरतात, त्याच विहिरीत पोहायला शिकतात. पुढे एकाची शाळा तालुक्याला जाते आणि दुसरा बापाच्या जागी कामाला लागतो. कधी पुढच्या पाडव्याला साल मोडतं, गड्याचं बिऱ्हाड दुसऱ्या गावाला जातं आणि मैत्री तिथंच संपते. सालगडी कोणत्याही जातीचा असतो, हे खरं. पण तो गावकुसाबाहेरचा असला की माठाला हात न लागू देण्याची रीतही त्या मैत्रीत मुरलेली असायची, आणि ती कुणी मोठ्यानं बोलूनही दाखवत नसे. मुलं बघून शिकत.

हुसैनींच्या कादंबरीत मला सर्वांत बोचते ती गोष्ट अत्याचाराच्या प्रसंगातली नाही. ती निवेदनातली आहे. जवळजवळ सगळी कथा आमीर सांगतो. पश्चात्ताप त्याचा, प्रायश्चित्त त्याचं, आणि वाचकाची करुणाही बरीचशी त्याच्याच वाट्याला जाते. लहानपणी हसनला वाचता येत नव्हतं. आमीर त्याला पुस्तकं वाचून दाखवायचा आणि मध्येच मनानं काहीबाही जोडून त्याची थट्टा करायचा. हसन मोठेपणी अक्षरं शिकतो आणि आमीरला पत्र लिहितो. ते पत्र आमीरच्या हाती पडतं तेव्हा हसनला तालिबाननं मारलेलं असतं. एवढ्या मोठ्या कादंबरीत हसन स्वतःच्या हातानं बोलतो तो फक्त त्या पत्रात.

आपल्याकडेही बराच काळ असंच चाललं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आली. त्यातला धर्मा रामोशी कुणाच्या मनातून जात नाही. ती माया खरी आहे, मी ती मनापासून मानतो. पण सांगणारा वाड्यातला आहे.

१९६३ साली बाबुराव बागूल यांनी ही बैठकच उलटवली. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला तरुण रेल्वेत कामाला म्हणून गुजरातेत उधन्याला जातो. तिथं भेटलेल्या माणसांचा पहिला सवाल जातीचा. हजाराला चेहरा लपवता येत नाही. आपल्याकडे जात चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणूनच ती विचारली जाते. आडनावावरून, गावावरून, घर कोणत्या आळीला यावरून खोदून खोदून काढली जाते. हा तरुण सांगत नाही. मग सहकारी तिवारी त्याला मान देतो, घरी जेवायला बसवतो, त्याच्या विद्वत्तेवर जीव टाकतो. मैत्री जुळते, पण ती कथा आता आमीरच्या जागेवरून सांगितली जात नाही. ज्याला प्रत्येक घासाबरोबर धास्ती आहे, तो ती सांगतो आहे. तिवारीचा प्रत्येक जिव्हाळा त्याला आणखी खोल अडकवतो. शेवटी बिंग फुटतं, आणि पाया पडणारे हातच त्याला मारतात. त्याला सोडवायला धावून येतो काशिनाथ, ज्यानं आपली जात कधीच लपवली नव्हती.

काशिनाथ हा या कथेचा खरा मित्र आहे, असं माझं मत आहे. त्याच्या मैत्रीला कसली अट नाही. तिवारी वाईट माणूस नव्हता, हेच बागूल दाखवतात. त्याचं प्रेम एका खोट्या नावावर होतं आणि ते नाव गळून पडताच प्रेमही गेलं. विष्णुपंत, माडगूळकरांचा निवेदक आणि तिवारी यांना शेजारी शेजारी ठेवून वाचा, म्हणजे १९६३ नंतर मराठी कथेत काय बदललं ते लक्षात येईल. हा बदल मराठवाड्यात रुजला. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, पुढे ते मिलिंद म्हणून नावारूपाला आलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. खेड्यापाड्यांतली मुलं मिलिंदमध्ये शिकली, आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकात आपल्या गोष्टी आपणच सांगू लागली.

जालन्यातली एक गोष्ट मात्र अजून कादंबरीची वाट पाहते आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, परत जातीत घ्यायचं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले आणि सगळी मुंबई ढवळून निघाली. पुढे नारायण शेषाद्री जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी शहराजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. तिथं राहायला आलेले बरेचसे मांग होते. ब्राह्मण घरातला माणूस आणि मांग कुटुंबं एका वस्तीत, तेही निजामाच्या राज्यात! शेषाद्रींची बाजू मिशनच्या लिखाणातून आपल्यापर्यंत पोचली. पण त्या वस्तीत पहिली रात्र काढणाऱ्या मांग कुटुंबाला या माणसाविषयी काय वाटलं असेल? विश्वास, संशय, की दोन्ही? ते त्यांच्या बाजूनं लिहिणारा लेखक या मातीत यावा, अशी माझी फार इच्छा आहे.

कारण या जिल्ह्यानं शेजार मोडतानाही पाहिला आहे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पेटवणाऱ्यांना आणि जळणाऱ्यांना एकमेकांची नावं ठाऊक होती. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडला. आणि अगदी अलीकडे, २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं उपोषण झालं, २०२४च्या जूनमध्ये त्याच तालुक्यातल्या वडीगोद्रीत ओबीसींचं. दोन्ही गावं जवळजवळची. हा वाद हजारांच्या छळाच्या तराजूत घालायचा नाही, तो हक्कांचा आणि शेतीच्या हलाखीचा आहे. पण एका बाकावर बसून शिकलेले मित्र त्या काळात एकमेकांशी तोलून मापून बोलू लागले, हे पारावर बसणाऱ्या कुणीही पाहिलं आहे. त्यावरची कथा अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती आली, तर दोन्ही बाकांवरून यावी.

हसन हा खरं तर आमीरच्या बापाचाच मुलगा होता, हे कादंबरीत फार उशिरा कळतं. मराठीत ही जागा शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली ‘अक्करमाशी’त स्वतःच्या आयुष्यातून लिहिली. बाप पाटील, आई महार, आणि ज्याच्या मायेत वाढले तो आजोबा महमूद दस्तगीर जमादार, मुसलमान. इथं हसनच सांगतो आहे, आणि तोही जिवंतपणी. पुढच्या लेखांकात ‘अक्करमाशी’ सविस्तर पाहू.