शिक्षकाची पारख

चांगला शिक्षक कोणता, हा प्रश्न घरोघरीं निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा परीक्षेच्या निकालावरून दिलें जातें. हाच वाद कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकांत मोठ्या गमतीनें रंगविला आहे. गणदास आणि हरदत्त हे दोघे नाट्याचार्य आपापलें श्रेष्ठत्व सांगत राजापुढें येतात. विदूषकाला ही एडक्यांची झुंज वाटते. ती पाहावयास न मिळाली तर यांना फुकट वेतन कशाला, असें तो म्हणतो! विद्या केवळ पोटासाठीं बाळगणारास गणदास वाणी म्हणतो. (पेन्शन घेणाऱ्या मजसारख्यानें यावर अधिक न बोलणें बरें.) परिव्राजिका कौशिकी मात्र मर्म जाणते. कोणी स्वतः विद्येंत निपुण असतो, कोणाला ती दुसऱ्याच्या ठायीं उतरविण्याची हातोटी असते. दोन्हीं ज्याच्याजवळ तो अग्रगण्य, असें तिचें मत.

येथवर माझी संमति आहे. परंतु मंद शिष्य पत्करणें हें आचार्याच्याच बुद्धीचें उणेपण, असाही सूर त्या प्रवेशांत निघतो. नृत्यशाळेंत तो शोभेल. शाळामास्तरास शिष्य निवडतां येत नाहींत.

‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकांतील आत्रेयी आठवा. कुश-लवांच्या प्रज्ञेबरोबर धांवणें तिला जमेना. शिवाय वाल्मीकि रामायणरचनेंत गढलेले. म्हणून ती अध्ययनासाठीं दंडकारण्यांतून अगस्त्यांकडे निघाली. गुरु प्राज्ञाला व जडाला विद्या सारखीच देतो, फळांत तेवढें अंतर पडतें, असें ती समजूतदारपणें म्हणते. मला मात्र तिचें तें जाणें फार बोचतें. प्रत्येक वर्गांत एक आत्रेयी असते, आणि ती कोठें जातही नाहीं. मागच्या बाकावर मुकाट बसते.

तिला ‘समजलें का?’ असें विचारणें व्यर्थ, कारण ‘हो’ हें उत्तर ठरलेलें असतें. सति सप्तमी शिकविल्यावर ‘सूर्य मावळल्यावर गुरें घरीं आलीं’ हें वाक्य द्यावें. ‘सूर्य’ प्रथमेंत राहिला, तर रचनाच कळली नाहीं. सूर्य सप्तमींत, पण त्याचें धातुसाधित विशेषण प्रथमेंत, तर रचना कळली आणि विशेषणाची जुळणी चुकली. मग ‘घरीं आल्यावर राम जेवला’ हें द्यावें. येथेंही सप्तमी आली, तर नियम पाठ आहे, पण दोन कर्ते निरनिराळे लागतात हें उमगलेलें नाहीं. तीन चुका, तीन निराळे उपाय. नुसता नियम पुन्हां घोकविण्यानें यांतली एकही सुटत नाहीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर स्वतः हेडमास्तर होते. त्यांच्या संस्कृतच्या दोन पुस्तकांत थोडे नियम देऊन लगेच भाषांतराचीं वाक्यें आहेत, त्यांचा मोठा उपयोग हाच.

घरच्या वडीलधाऱ्यांनीं म्हणून गुण विचारण्याआधीं मुलाची वही उघडावी. चुकलेल्या वाक्यावर नुसती फुली आहे, कीं चूक कोठें झाली तेंही लिहिलें आहे, एवढें पाहावें.