हजार डाव खेळले, म्हणजे सिद्ध झाले?

तीन बंद दारे. एकामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्यांतले बकरीचे दार उघडतो आणि विचारतो, "निवड बदलायची?" बदलावी, असे 1990 मध्ये मॅरिलिन वॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात लिहिले, तेव्हा गणिताच्या प्राध्यापकांनीही त्यांना वेड्यात काढले. गणितज्ञ पॉल एर्डिश यांच्यासारख्या दिग्गजाला ते पटले संगणकावर हा खेळ पुन्हा पुन्हा खेळलेला पाहिल्यावरच. सिम्युलेशनची थोरवी सांगताना हा किस्सा हमखास येतो. त्यातूनच काही गैरसमजही रुजतात.

पहिला आणि सर्वांत मोठा: संगणक निवाडा देतो. संगणक फक्त आपण लिहिलेला खेळ खेळतो. समजा, सूत्रधाराला काहीच ठाऊक नाही आणि तो वाटेल ते दार उघडतो. मग सरासरी तीनांतल्या एका डावात मोटारच उघडी पडते; ते डाव बाद. उरलेल्या डावांत निवड बदलणारा आणि न बदलणारा, दोघेही निम्मे-निम्मे जिंकतात. प्रोग्रॅममधली एखादी ओळ बदलली, की निवड बदलणाऱ्याची जिंकण्याची शक्यता मूळ खेळातल्या दोन तृतीयांशांवरून अर्ध्यावर येते! शिवाय 'किती' हे कळले तरी 'का' उरतेच. एर्डिश यांचेही समाधान झाले नव्हते. गणितज्ञ रॉन ग्रॅहम यांनी कारण उलगडून सांगितल्यावर ते शांत झाले.

गैरसमज: फेऱ्या वाढवा, उत्तर अचूक मिळेल.
वस्तुस्थिती: जवळ जाते, पण रडतखडत. अचूकतेचा आणखी एक दशांश अंक हवा असेल तर फेऱ्या शंभरपट कराव्या लागतात. मूळ खेळात निवड बदलणारा 100 डावांपैकी बहुधा 57 ते 76 जिंकेल. 10,000 डावांत साधारण 6,570 ते 6,760. तेव्हा शंभरांत 58 आले म्हणून सिद्धांताला खोटे ठरवणे हा उतावीळपणा झाला. त्रुटीची मर्यादा न सांगता नुसता आकडा देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

गैरसमज: संगणकाचे रँडम आकडे म्हणजे निव्वळ योगायोग.
वस्तुस्थिती: बहुतेक प्रोग्रॅममध्ये ते सूत्रातून निघतात. सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, तोच दिला तर तीच माळ पुन्हा मिळते. हे उलट सोयीचेच, कारण दुसऱ्याला प्रयोग ताडून पाहता येतो. सूत्र वाईट असले की मात्र घात होतो. 1960 च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर वापरल्या जाणाऱ्या 'रँडू' सूत्राचे आकडे सलग तीन-तीन घेऊन घनात बिंदू मांडले, तर ते सगळे जेमतेम 15 समांतर प्रतलांवर पडतात.

आणि सिम्युलेशनला संगणक लागतोच, असेही नाही. गिनेसच्या मद्यनिर्मितीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी 3,000 कैद्यांची शारीरिक मापे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे नीट पिसले, चार-चारांचे 750 नमुने केले आणि आज टी-वितरण म्हणून ओळखले जाणारे आपले गणित पडताळून 1908 मध्ये प्रसिद्ध केले.