ताळेबंद कोणी तपासायचा?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. वार्षिक सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास; क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्या हिशेबाने सरासरीच्या वर्षी शिवारात सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पडते. हा गुणाकार सातवीचा विद्यार्थीही करील.

पण त्यातले जमिनीत मुरते किती? समजा, एकाने १० टक्के धरले आणि दुसऱ्याने १५ टक्के. फरक पडला साडेएकोणीस कोटी लिटरचा! या गावात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरे, मग शेती. उसाला बंदी, शेतीसाठी बोअर नाही. तेव्हा ती टक्केवारी कोणी, कशी धरली, तिच्यावर विश्वास का ठेवला आणि तोटा कोणी सोसला, हे प्रश्न केवळ भूजलशास्त्राचे राहत नाहीत. विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या संबंधांचा अभ्यास करणारी शाखा हेच विचारते.

अशा अभ्यासाचा निबंध छापायचा कोठे? इंग्रजी नियतकालिकातील परीक्षक पद्धत तपासतो, पण त्याने शिवार पाहिलेले नसते. आणि ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांना तो निबंध वाचता येत नाही. मग चूक दाखवणार कोण? मराठीत ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. त्यांचे मुख्य काम सिद्ध झालेले ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे. संशोधनपत्रिकेचे काम वेगळे: नवा दावा छापण्यापूर्वी तो कसाला लावणे.

पूर्व आशियातील अभ्यासकांनी २००७ मध्ये या विषयाचे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. जपानी, कोरियन, चिनी वाचकांसाठी त्याची भाषा इंग्रजी ठेवावी लागली. आपली अडचण तशी नाही. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत एकच लिखित भाषा चालते.

आमच्या मते अशा पत्रिकेला चार गोष्टी हव्यात. प्रत्येक निबंधाला दोन परीक्षक: एक विषयाचा जाणकार, दुसरा त्या परिसराचा. निष्कर्षासोबत मूळ नोंदी. फसलेल्या प्रयोगांना व प्रतिवादाला जागा. आणि इंग्रजी सारांश, म्हणजे बाहेरच्यांनाही आपल्याला प्रश्न विचारता येतील. पैशापेक्षा अवघड आहे ते परीक्षक मिळवणे. कारण हे काम वेळखाऊ, बिनमोबदल्याचे आणि निनावी असते.

सुरुवात मात्र शाळेतही करता येईल. पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवा. कोणी मोजले, किती वाजता, कोणता दिवस चुकला, तेही लिहा. वर्षाअखेरीस ती वही शेजारच्या गावच्या शाळेला तपासायला द्या. त्यांनी काढलेल्या शंका त्याच वहीत उतरवून घ्या.