घासाघाशीची शर्यत
फॉर्म्युला वनच्या गाडीची चाकं उघडी असतात. चाकाला चाक लागलं की गाडी हवेत उडू शकते, म्हणून चालक जपून असतात. अमेरिकेतल्या नॅस्कारच्या स्टॉक कारची चाकं बॉडीआड असतात; तिथे दाराला दार घासत, पुढच्याला ढुशा देत वाट काढतात. नॅस्कारचा मार्टिन्सव्हिल इथला लंबगोल ट्रॅक जेमतेम ८५० मीटरचा. स्टेडियममध्ये बसून मैदान दिसावं, तशी अख्खी शर्यत एका नजरेत दिसते. फॉर्म्युला वनला महागडं तिकीट काढून एखाद-दुसरं वळणच पाहायचं! कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि २०१०मध्ये मार्टिन्सव्हिललाच नॅस्कारच्या ट्रक मालिकेत पिकअप ट्रक पळवू लागला. त्या वर्षी या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून चाहत्यांनी त्यालाच मतं दिली.