झाडीपट्टीचा ऑर्गन आणि नागपूरचा लक्ष्मण

भाऊबीज झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला उधाण येतं. सरकारी कागदावर गावाचं नाव देसाईगंज, लोकांच्या तोंडी मात्र वडसाच. नाट्यमंडळांची कार्यालयं, त्यांवर नाटकांचे रंगीत फलक आणि तारीख पक्की करायला गावोगावहून आलेली मंडळी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, होळीपर्यंत हाच हंगाम चालतो. दिवसा मंडईची जत्रा नाहीतर शंकरपटाची बैलशर्यत, रात्री नाटक. घरात पाहुणे मावत नाहीत, सोयरिकीही याच दिवसांत जुळतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटे पडतो.

झाडीपट्टीबद्दल बोलताना लोक नटांची, विनोदाची आणि लावणीची आठवण काढतात. रंगमंचाला लागून बसलेल्या वादकांबद्दल कोणी फारसं बोलत नाही. खरं तर अख्खं नाटक त्यांच्या हातावर चालतं. उरलेल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक नाटकांना पार्श्वसंगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेलं असतं. इथे ते त्या रात्री, त्या जागी वाजतं.

त्यांतल्या ऑर्गनवाल्याचं काम जरा जवळून पाहावं. हार्मोनियम वाजवताना एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. नट काळी चारात गाणारा असो की पांढरी पाचात, त्याचा सूर याला ठाऊक हवा. गाणाऱ्याचा सूर ढळला तर हळूच आधार द्यायचा. एखाद्याने स्वगत लांबवलं तर त्याच्या शब्दांखाली सूर धरून ठेवायचा, दुसरा वाक्य विसरला तर मधली फट भरून काढायची. शेजारी तबला असतो, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले. लेखक प्रसंग सांगतो, पदाचे शब्द देतो, आणि अनेकदा चाल या पट्ट्यांवरच बसते. कधी ती जुन्या नाट्यपदाच्या वळणाची असते, कधी गाजलेल्या सिनेमातून सरळ उचललेली. समोरच्या प्रेक्षकाने वन्समोअर दिला तर चाल टिकली. त्याने कूस बदलली तर पुढच्या गावी ती बदलावी लागते. संगीतकाराला इतका रोखठोक परीक्षक दुसरीकडे मिळणं कठीण.

अशाच तालमीत वाढलेला पूर्व विदर्भाचा एक माणूस हिंदी सिनेमाच्या शिखरावर गेला. विजय पाटील यांचा जन्म १९४२ साली नागपूरचा. ते झाडीपट्टीतून आले नाहीत, ऑर्केस्ट्रातून आले; पण समोर बसलेल्या माणसांसाठी वाजवणं हेच त्यांचंही शिक्षण होतं. अॅकॉर्डियन आणि पियानो ही त्यांची वाद्यं. सुरेंद्र यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. सुरेंद्र राम झाले, विजय लक्ष्मण झाले आणि दादा कोंडके यांनी १९७५च्या ‘पांडू हवालदार’चं संगीत या राम-लक्ष्मण जोडीवर सोपवलं.

दादाही कलापथकातून आणि ‘विच्छा माझी पुरी करा’च्या प्रयोगांतून घडलेले. आपल्या चित्रपटांची अनेक गाणी ते स्वतः लिहीत. कोणत्या शब्दाला थिएटर हसेल आणि कोणत्या ठेक्याला पाय हलेल, हे त्यांना रंगमंचाने शिकवलं होतं. त्यांना हवा होता तसाच संगीतकार नागपूरने दिला.

पुढे राजश्री प्रॉडक्शन्सचा ‘एजंट विनोद’ हा हिंदी चित्रपट मिळाला. मात्र १९७७ साली तो पडद्यावर येण्याआधीच राम गेले. एकट्या उरलेल्या विजय पाटील यांनी जोडीचं नाव सोडलं नाही. ‘रामलक्ष्मण’ ही सही त्यांनी अखेरपर्यंत मिरवली. गेलेल्या मित्राला श्रेयनामावलीत इतकी वर्षं जागा देणारा संगीतकार विरळाच.

१९८१च्या ‘हमसे बढकर कौन’मधलं त्यांचं गणपतीचं गाणं आजही मंडपांत वाजतं. तरी मोठं यश यायला १९८९चा ‘मैंने प्यार किया’ उजाडावा लागला. त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, असद भोपाली यांना गीतांसाठी आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना गायनासाठी. या चित्रपटातल्या एका गाण्याची चाल स्टीव्ही वंडरच्या गाजलेल्या इंग्रजी गाण्यावरून बेतलेली आहे, हेही नोंदवायला हवं. ओळखीची चाल घेऊन ती आपल्या माणसांच्या गळ्यात बसवणं ही रंगमंचाची जुनी रीत. रामलक्ष्मण यांचं खरं बळ मात्र १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मध्ये दिसतं. चौदा गाणी, आणि त्यांतली कितीतरी घरच्या समारंभांतून निघालेली: जोडे लपवणं, डोहाळजेवण, मुलीची पाठवणी. गाणं प्रसंगात विरघळवण्याची ही रीत रातभर नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला मुळीच नवी वाटत नाही. राज्य शासनाने २०१८चा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना दिला. २०२१च्या मे महिन्यात नागपुरातच त्यांचं निधन झालं.

रामलक्ष्मण यांच्या चाली तबकडीवर आहेत, कॅसेटवर आहेत, मोबाइलवर आहेत. झाडीपट्टीतल्या चालींचं तसं झालं नाही. या रंगभूमीला मान मिळाला नाही असं नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे, ज्यांना लोक विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात, त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी २०२२ साली तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने हा रंगमंच पडद्यावर नेला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीसारख्या लोककलांवर आयुष्यभर अभ्यास केला. नट, बोली आणि नाटक यांची दखल घेतली गेली. पण रात्रीत चाल बांधणाऱ्याचं नाव फलकावर नटांच्या नावाइतकं ठळक कधी येत नाही, आणि हंगाम संपला की चाल हवेत विरते.

या चाली आणि त्या बांधणाऱ्यांची नावं जपणं अवघड नाही. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनी एका हंगामात पन्नास नाटकांची पदं ध्वनिमुद्रित केली तरी मोठा ठेवा जमेल. मंडळांनी फलकावर गीतकार आणि संगीतकार यांची नावं ठळक छापावीत. आणि यंदा मंडईला जाणाऱ्या वाचकांनी नाटक सुटल्यावर दोन मिनिटं थांबून, आवडलेलं पद कोणी लिहिलं आणि त्याला चाल कोणी लावली, हे ऑर्गनवाल्याला विचारावं आणि ती नावं लिहून ठेवावीत.