सापाच्या पेटीतला पारा

साप अंगची ऊब स्वतः फारशी तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. रानात गारठा वाटला की तो उन्हात येतो, तापला की बिळात शिरतो. पेटीत ठेवलेल्या सापाला ही मुभा राहत नाही, पेटी देईल तेवढीच हवा त्याच्या वाट्याला येते. गिळलेला उंदीर पचणार की पोटातच कुजून ओकला जाणार, कात सलग निघणार की तुकड्यातुकड्यांनी, फुप्फुसात संसर्ग होणार की नाही, हे बऱ्याच अंशी तापमान आणि दमटपणा या दोन गोष्टींवर ठरते. अपवाद अजगराच्या मादीचा. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायूंना सतत आचके देते आणि भोवतालापेक्षा काही अंश जास्त ऊब अंड्यांना पुरवते. बाकीच्या सापांना हे जमत नाही.

मुंबईत या विषयाचा पत्ता परळचा आहे. कॉटन ग्रीन स्थानकापासून उत्तरेला दोनेक किलोमीटरांवर, गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात 1899 साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. 1925 पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. सर्पविष आणि त्यावरचा उतारा हे तिच्या कामाचे एक जुने अंग. उतारा करायचा तर विष हवे, विषासाठी जिवंत साप हवेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष त्यासाठी लागते. आजारी किंवा उपाशी सापाकडून चांगले विष मिळत नाही, म्हणून पेटीतली हवा हा तिथे हौसेचा नव्हे, औषधाचा प्रश्न होतो. हौसेने साप पाळण्याला तर जागाच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातले नाग, घोणस, अजगर, धामण असे साप परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे. सर्पमित्राने पकडलेला सापही वन खात्याला कळवून लवकर निसर्गात सोडायचा असतो.

तापमान समजायला सोपे, दमटपणा फसवा. घड्याळासारख्या डायलवर दिसणारी टक्केवारी हवेत किती पाणी आहे हे सांगत नाही. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्यातली किती धरली आहे, एवढेच ती सांगते. 25 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम वाफ मावते, 32 अंशांना सुमारे 34. म्हणजे खोलीतली 25 अंशांची, 80 टक्के दमट हवा पेटीच्या उबदार टोकाला 32 अंशांवर गेली, की पाण्याचा एक थेंबही न उडता तिथला आकडा 54 वर येतो. एकाच पेटीत, हातभर अंतरावर, एकाच वेळी 80 आणि 54 हे दोन्ही आकडे खरे असतात. म्हणून ‘पेटीत दमटपणा किती’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कुठे’ हे आधी विचारले पाहिजे.

कापसाच्या धंद्याला हे गणित पाठ होते. कुलाब्याहून हलून कॉटन ग्रीनच्या गोदामांत आलेली रुई हवेतले पाणी शोषते आणि सोडते, त्यामुळे तिचे वजन हवेबरोबर बदलते. हवा कोरडी पडली की गिरणीत धागा तुटायचा, म्हणून खात्यात पाण्याचे फवारे असत आणि भिंतीवर दोन तापमापकांची जोडी टांगलेली असे. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओले फडके. फडक्यातले पाणी उडताना तो पारा खाली जातो. कोरडा 30 आणि ओला 27 दाखवत असेल, तर तक्त्यात दमटपणा 78 टक्क्यांच्या आसपास निघतो. फवाऱ्यांनी कामगारांचा जीव गुदमरू नये म्हणून 1948 च्या कारखाना कायद्यात याचे स्वतंत्र कलम आले. सापाच्या खोलीतही ही जोडी अजून उपयोगी आहे. तिला बॅटरी लागत नाही, फक्त फडके स्वच्छ आणि ओले ठेवावे लागते.

नाग किंवा अजगरासाठी पेटीचे एक टोक साधारण 30 ते 32 अंश आणि दुसरे 25 ते 26 ठेवतात. अजगराला 60 ते 70 टक्के दमटपणा मानवतो, तर कोकणच्या तापल्या कातळावर राहणाऱ्या फुरशाला त्याहून बरीच कोरडी हवा लागते. आता मुंबईचा विचार करा. इथे वर्षातले बहुतेक दिवस हीटरची गरजच पडत नाही. खरा शत्रू पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा 80-85 टक्क्यांवर असते, पेटीचा तळ सुकत नाही, पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात आणि बुरशी धरते. अशा वेळी पाण्याचे भांडे लहान करणे, जाळी मोठी करणे आणि अंथरलेला कागद रोज बदलणे हेच उपाय. वातानुकूलन सुरू केले तर उलटा प्रकार होतो: हवा कोरडी, साप गार. कात्रजच्या सर्पोद्यानाची गोष्ट निराळी. पुण्याच्या हिवाळ्यात पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी हवा खडखडीत होते. पुण्यातला सल्ला परळला जसाच्या तसा चालत नाही, तो याचसाठी.

मोजमापाची पहिली अट अशी की साप जिथे पडून राहतो तिथे मोजावे. काचेला वरच्या बाजूस चिकटवलेला गोल काटा दिसायला छान, कामाला शून्य. वायरच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल तापमापक घ्यावेत. एक संवेदक उबदार टोकाला जमिनीलगत, दुसरा गार टोकाच्या लपणीत, आणि दोन्हींचे पडदे पेटीबाहेर. दिवसभरातला सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा लक्षात ठेवणारे यंत्र असेल तर उत्तम, कारण पहाटे चारला काय झाले ते सकाळी दहाचा आकडा सांगत नाही. विषारी सापाच्या बाबतीत बाहेरच्या पडद्याला आणखी मोल आहे: आकडा वाचायला हात आत घालावा लागत नाही. संवेदक बसवायचा किंवा बदलायचा तो पेटी रिकामी असताना, साप दुसऱ्या बंद डब्यात हलवल्यावर आणि दुसरा जाणकार माणूस शेजारी असतानाच.

वायर चिकटपट्टीने मात्र लावू नये. पट्टी सुटते, साप तिला चिकटतो आणि सोडवताना कातडीच निघते. क्लिप किंवा भोकातून आणलेली पक्की वायर बरी. पाऱ्याचा काचेचा तापमापकही आत ठेवू नये. तो फुटला की पाऱ्याची वाफ सापाला आणि सांभाळणाऱ्याला, दोघांनाही घातक. पिस्तुलासारखा अवरक्त तापमापक लांबून पृष्ठभागाचा आकडा देतो, पण काचेआडून तो काचेचेच तापमान सांगतो. तो जाळीच्या मोकळ्या भागातून वापरावा, लाल ठिपका सापाच्या डोळ्यांवर पाडू नये.

हीटर लावलाच तर थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. पोटाखालची जागा भाजत असली तरी साप तिथून उठतोच असे नाही, म्हणून तापलेल्या दगडावर किंवा गादीवर भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात. थर्मोस्टॅटचा संवेदक निसटून गार कोपऱ्यात पडला, तर यंत्राला वाटते अजून थंडीच आहे आणि ते तापवत सुटते. त्यामुळे थर्मोस्टॅट आणि तपासणीचा तापमापक यांचे संवेदक वेगळे हवेत. दमट खोलीत विजेचे पॉइंट पाण्याच्या भांड्यापासून दूर, वायर प्लगच्या खाली झोळ देऊन आणलेली, आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर, एवढे तरी असावे.

यंत्रे खोटे बोलू लागतात, तेही हळूहळू. तापमापक बर्फाच्या चुऱ्यात शून्याच्या जवळ यायला हवा. दमटपणाच्या यंत्रासाठी घरचे मीठ पुरते. झाकणाएवढ्या वाटीत मीठ, ते ओले चिखलासारखे होईल इतकेच पाणी, ही वाटी आणि यंत्र हवाबंद डब्यात. सात-आठ तासांनी यंत्राने 75 टक्के दाखवले पाहिजेत. 70 दाखवले तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवून वाचावे, किंवा यंत्र बदलावे. वहीत तारीख, वेळ, दोन्ही टोकांचे आकडे, खाणे, विष्ठा आणि कात यांची नोंद ठेवली, की बिघाड कुठल्या दिवशी सुरू झाला ते सापडते.

शेवटची तपासणी कातीवरच होते. कात डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असावी आणि तिच्या डोक्याच्या भागात डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्या दिसाव्यात. चकती नसेल तर ती सापाच्या डोळ्यावरच राहिली आहे. तेव्हा ती ओढून काढू नये. ओलसर शेवाळाची लपण गार टोकाला ठेवून पुढच्या कातीची वाट पाहावी, आणि तेव्हाही ती निघाली नाही तर पशुवैद्याला दाखवावे.